चूळभरे अण्णा

आमच्या अण्णांनी आयुष्यात जेवढी वाईन थुंकली तेवढी नुसती विकली असती, तरी जालना रोडवर त्यांचा बंगला झाला असता. चेष्टेनं म्हणतोय, पण खोटं म्हणत नाही. अण्णांना धंदा करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना तो सोहळा आठवत असेल. परमिट रूमच्या टेबलावर बाटली ठेवायची. पिळाच्या स्क्रूनं बूच काढायचं. बोटभर वाईन ग्लासात ओतून ग्लास गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं, डोळे मिटायचे. मग घोट तोंडात घेऊन गालातल्या गालात असा खळखळवायचा, की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं शेंगदाणे हातात धरून बघत राहावं. आणि आता गिळतील, मग गिळतील म्हणून सगळे बघत असताना अण्णा पिशवीतून पितळी पिकदाणी काढत आणि तिच्यात पचकन टाकून मोकळे होत. वर मिशी पुसून मालकाला म्हणत, "घ्या. आता तुमी घ्या."

कोण घेणार? भेळवाला स्वतःची भेळ तोंडात घालून थुंकला तर आपण मुकाट्यानं पलीकडच्या गाडीवर जातो. "अण्णा, तुमच्याच घशाखाली उतरंना, तर मी गिऱ्हाइकाच्या घशात कशी घालू?" असं पाचोडच्या परमिट रूमवाल्यानं त्यांना तोंडावर विचारलं होतं, आणि त्याचं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. अण्णांचं आडनाव बाटलीवर छापलेलं होतं, चांगलं ठळक. पण गंगापूरपासून पाचोडपर्यंत कुणी ते वाचायच्या भानगडीत पडलं नाही. सगळ्या रस्त्यानं ते चूळभरे अण्णाच होते.

अण्णा वाईन करत ती स्वतःच्या द्राक्षांची, स्वतःच्या शेडमध्ये, रीतसर परवाना काढून. गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला त्यांची जमीन. आजूबाजूला ऊस आणि कापूस, आणि मधेच ही बाग. आधी ते द्राक्षं दूरच्या एका कारखान्याला घालत. एका वर्षी तिथून भरलेली गाडी परत आली. दुसरा कुणी असता तर भांडला असता, दोन शिव्या घालून बेदाणे करून मोकळा झाला असता. अण्णांनी रागारागानं टाक्या बसवल्या. राग पुढं ओसरला, टाक्या राहिल्या, आणि त्यांतली वाईन विकायला अण्णा रस्त्याला लागले ते कायमचे.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या दुकानात. शहरातल्या गुलमंडीत आमचं काचसामानाचं दुकान आहे. हॉटेलांना, परमिट रूमना ग्लास आणि प्लेटा आम्ही पुरवतो. एके दिवशी पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी आणि खिशाला उगाचच दोन पेनं, असे एक गृहस्थ आले आणि दांडीचे ग्लास मागू लागले. मी आमचा सगळ्यात खपाचा ग्लास पुढं केला. जाड बुडाचा, हातातून पडला तर फरशीला खड्डा पडेल असा. त्यांनी त्याच्यावर नखानं टिचकी मारली, कानाशी धरला आणि म्हणाले, "मुका हाय." मग त्यांनी दुकानातल्या प्रत्येक ग्लासाला टिचक्या मारल्या. गिऱ्हाइकं खरेदी सोडून बघायला लागली. शेवटी माळ्यावर धूळ खात पडलेला, कुणी न घेतलेला पातळ काचेचा एक संच त्यांना पसंत पडला. "हे फुटतील हां," मी धंद्याचं इमान राखून म्हटलं. "फुटायलाच पायजेत," अण्णा म्हणाले. "फुटत नाय त्या ग्लासात मानूस जपून पेत नाय." मी त्याच क्षणी ओळखलं की हा माणूस धंद्यात बुडणार.

जाताजाता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "शेठ, तुमी गुरुवारी ऑर्डरी घ्यायला पाचोडकडं जाता म्हनं. गाडीत एक बाजू रिकामी असंल." तेव्हापासून माझ्या गाडीची एक बाजू अण्णांची झाली आणि दुसरी बाजूही हळूहळू त्यांचीच झाली. मी चालवायला उरलो.

अण्णांबरोबर उन्हाळ्यात प्रवास करणं म्हणजे देवाची पालखी घेऊन फिरण्यासारखं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली खोकी मागं, आणि एक खोकं खुद्द मांडीवर, कारण म्हणे मागं हादरे बसतात. आमच्याकडं चैत्र-वैशाखात डांबर पायाला चिकटतं. अशा उन्हात रस्त्याकडेला एखादं कडुनिंबाचं झाड दिसलं की अण्णा गाडी थांबवायला लावत. गाडी सावलीत उभी राही, आणि सावली गाडीपुरतीच असल्यामुळं आम्ही दोघं उन्हात उभे राहत असू. मी कुरकुर केली की म्हणत, "तुमचं काय शेठ, तुमाला घाम येतो, तुमी गार व्हता. त्या बिचाऱ्यांना घाम येत नाय." मला हा माणूस मूर्ख वाटे. उन्हात उभं राहून त्याच्या मूर्खपणाचा विचार करण्यात वेळ मात्र बरा जाई.

आता ते थुंकण्याचं कारण सांगतो, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल. अण्णांची आई, जिला सारं गाव माय म्हणे, गळ्यात तुळशीची माळ घालणारी बाई. कांदा-लसूण घरात येतो तोही तिच्या चुलीपासून चार हात लांब. टाक्या बसवायच्या ठरल्या तेव्हा अण्णांनी तिला हात जोडून विचारलं. मायनं दोन दिवस घेतले. मग तिनं त्यांना तुळशीपाशी उभं केलं आणि म्हणाली, "कर. इक. पोटासाठी काय करायचं ते कर. पन एक थेंब जरी घशाखाली उतरला, तर माझं मेलं तोंड बघशील." अण्णांनी तुळशीवर हात ठेवला. आणि तेव्हापासून, स्वतःच्या टाकीतली असो की लोकांच्या बाटलीतली, अण्णांच्या घशाखाली वाईनचा एक थेंब गेला नाही. जगात शपथा घेणारे पुष्कळ असतात. पण स्वयंपाक्यानं जेवायचं नाही, अशी शपथ घेऊन खानावळ काढणारा मी एकच पाहिला.

या शपथेनं धंद्याची जी माती झाली ती थुंकण्यानं नाही, एका प्रश्नानं झाली. आमच्या मुलखात बाटली पुढं केली की कुणी रंग विचारत नाही, वास विचारत नाही. थोरामोठ्यांपासून वेटरपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: चढते का? आणि अण्णा, हा देवमाणूस, दर वेळी खरं उत्तर देत. "ते मला म्हाईत नाय, पाव्हनं." चव विचारा, अण्णा फुलून येत. "पैल्यांदा जांभूळ लागंल. मंग चिंच. अन् जाताजाता रांजनातल्या पान्यावानी गार मातीचा वास." समोरचा म्हणे, "मग जांभूळच खातो की. चढते का ते सांगा." की अण्णांची मान खाली.

मी डोकं फोडून घ्यायचा बाकी राहिलो होतो. "अहो, म्हणा की चढते! तीन अक्षरी काम आहे."

"म्या अनुभवलं नाय ते कसं सांगू? तुमी पेता, तुमीच सांगा. चढती का?"

"मला झोप येते," मी म्हटलं. मलाही खोटं बोलायचं त्याच वेळी सुचू नये, हे माझं नशीब. पुढच्या परमिट रूममध्ये मालकानं विचारलं, चढते का? अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला म्हाईत नाय. पन आमच्या शेठला झोप येती." मालकानं माझ्याकडं असं पाहिलं की मी त्याला ग्लासांची ऑर्डरही विचारली नाही.

दुसरा त्यांचा हेका म्हणजे बाटली आडवी ठेवायची. बाटली उभी राहिली की बूच सुकतं, सुकलं की आत हवा जाते, हवा गेली की वाईन नासते. शास्त्र बरोबर होतं. पण आमच्याकडं दारूबंदीसाठी झालेल्या बायकांच्या मतदानात ज्या आडव्या बाटलीवर शिक्के पडून गावोगावची दुकानं बंद झाली, तीच ही आडवी बाटली. पाचोडवाला तर हादरला. "अण्णा, मागल्या साली ह्याच आडव्या बाटलीनं माझ्या मेव्हन्याचं दुकान गेलं. आन् तुमी माझ्या फळीवर आडवी बाटली ठेवता? काहून धंद्याला साडेसाती लावता बाबा?" तो बाटल्या उभ्या करून ठेवी, तेही तंदूरच्या बरोबर वरच्या फळीवर. पुढच्या गुरुवारी तो गल्ल्यावर वळला की अण्णा टाचा उंच करून एकेक बाटली हळूच आडवी करत. आम्ही गाडीत बसेपर्यंत तो त्या पुन्हा उभ्या करी. दोघंही आपापल्या धर्माला जागत होते, आणि बाटल्या तेवढ्या तंदूरच्या धगीनं कढत होत्या.

संध्याकाळी मी अण्णांना घरी सोडायला जाई तेव्हा माय ओट्यावर बसलेली असे. डोळ्यांना कमी दिसे, पण गाडीचा आवाज ती बरोबर ओळखी. तिचे दोनच प्रश्न असत. पहिला, "उतरली का रं घशाखाली?" अण्णा म्हणत, "नाय माय." दुसरा, "परत किती आनल्या?" याचं उत्तर अण्णा देत नसत, खोकं खाली ठेवल्याच्या आवाजावरून तिला कळे. मग ती म्हातारी उठे, भिंत धरून शेडमध्ये जाई, परत आलेली एकेक बाटली पदरानं पुसे आणि फळीवर आडवी ठेवी. तोंड दुसरीकडं फिरवून, हं. दारूकडं बघायचं नाही, हा तिचा नेम होता. पण सगळ्या मुलखात बाटली आडवी ठेवायची हे न सांगता लक्षात ठेवणारी ती एकटीच होती. 

घरात याला विरोध करणारा माणूस होता अण्णांचा धाकटा भाऊ, भाऊसाहेब. व्यवहारी, तोंडाचा फाटका आणि उन्हानं कायम कावलेला. बाग दोघांच्या नावावर. त्याला तिथं मोसंबी लावायची होती. "पाचोडला मोसंबीचा एवढा मोठा बाजार भरतो. मोसंबीला कुनी इचारत नाय, चढती का म्हनून," असं तो म्हणे. अण्णांच्या धंद्याला तो 'चुळीचा धंदा' म्हणायचा. एका वर्षी शेडमध्ये जागा उरली नाही, परत आलेल्या बाटल्या धान्याच्या खोलीत निजू लागल्या, तेव्हा भाऊसाहेबानं शेवटचं सांगितलं. यंदाचा माल गेला तर बाग राहील. नाही गेला तर जेसीबी लावून वेली उपटायच्या आणि मोसंबीची रोपं आणायची. अण्णा 'बरं' म्हणाले. एवढ्या भांडकुदळ भावाला एवढ्या शांतपणे 'बरं' म्हणणाऱ्या माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला.

मग मीच खटपट केली. शहरात आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं, वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं हॉटेल. दारात प्लास्टरचे दोन हत्ती, आत एवढा गारठा की मे महिन्यात माणसानं स्वेटर मागावा. मालक मोठा हौशी माणूस. अण्णांची टोपी पाहूनच तो खूश झाला. "इथली माती, इथली द्राक्षं, इथला शेतकरी! पाहुण्यांना हेच पाहिजे असतं," तो म्हणाला. पाहुण्यांना काय पाहिजे असतं हे पाहुण्यांना सोडून सगळ्यांना माहीत असतं. त्यानं वाईन चाखली. पुन्हा चाखली. त्याला मनापासून आवडली, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यानं दोन ग्लास भरले, एक अण्णांच्या पुढं सरकवला आणि म्हणाला, "आमचा एक नियम आहे अण्णा. जो माणूस स्वतः पीत नाही त्याचा माल मी पाहुण्यापुढं ठेवत नाही. एवढा ग्लास माझ्यासोबत संपवा. यंदाचा सगळा माल माझा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. अण्णांनी ग्लास उचलला, फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घेतला. खळखळवला. आणि थांबले. पिकदाणी पिशवीत होती, पिशवी पायाशी होती, हात मात्र खाली जात नव्हता. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, कपाळावर त्या गारठ्यातही घाम. गिळतील असं मला वाटलं. खरं सांगतो, गिळावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मायला कुणी सांगणार नव्हतं. तेवढ्यात अण्णा उठले, फुगल्या गालांनी मालकाला वाकून नमस्कार केला, काचेच्या दारातून बाहेर गेले आणि हत्तीशेजारच्या क्रोटनच्या कुंडीत त्यांनी चूळ टाकली. मालक हसला नाही. एवढंच म्हणाला, "शेठ, ग्लासांचं बिल पाठवून द्या."

वाळूज मागं पडलं. अण्णा हळूच म्हणाले, "शेठ, ते झाड जगंल ना?"

मी गाडी बाजूला घेतली आणि तोंडाला येईल ते बोललो. बाग जाईल, नाव जाईल, तुमच्या मायला कोण सांगायला जात होतं! अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "दुसरं कोन कशाला सांगंल? सांज झाली की ती मलाच इचारती, उतरली का म्हनून. आजवर 'नाय' म्हनलो ते खरं व्हतं. आता खोटं बोलायला ह्या वयात कुठं शिकू?" आणि खरंच, घरी गेल्यावर मायनं ओट्यावरून विचारलं, "उतरली का रं?" अण्णा म्हणाले, "नाय माय." दुसरा प्रश्न तिनं त्या दिवशी विचारला नाही.

भाऊसाहेबानं मोसंबीची रोपं सांगून ठेवली. तोवर छाटणीचे दिवस आले आणि अण्णा कात्री घेऊन बागेत जायला लागले. "मोडायची बाग छाटायची कशाला?" भाऊसाहेब ओरडला. अण्णा म्हणाले, "उद्या मरायचं म्हनून आज दाढी करायची नाय व्हय?" छाटणी चालू असतानाच एका सकाळी ते वेलीच्या खांबाला टेकून बसले आणि उठले नाहीत. हातात कात्री तशीच होती. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं.

गावाचं निदान मात्र वेगळं होतं. "दारूनं गेला," गाव म्हणालं. "एवढी घरात टाक्यांनी भरलेली, लिव्हर राहतंय व्हय?" हे म्हणणाऱ्यांत असे लोक होते, ज्यांना आदल्या रात्री दोघांनी धरून घरी पोचवलं होतं. ज्या माणसानं थेंब गिळला नाही म्हणून बाग घालवली, तो पिऊन मेला, हा निकाल पारावर बसून झाला. मला आयुष्यात एवढी चीड क्वचित आली असेल. अंत्यविधीला आलेल्या एका पाहुण्यानं भाऊसाहेबाला दबक्या आवाजात विचारलं, "लई पेत व्हते का?" भाऊसाहेब, ज्यानं जन्मभर अण्णांची टर उडवली तो भाऊसाहेब, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूळ भरायचे. तुमी गिळता तेवढं तर ते थुंकायचे." त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला.

दहाव्याला कायगावच्या घाटावर जायचं होतं. सकाळी मी घरी गेलो तेव्हा माय ओट्यावर नव्हती, शेडमध्ये होती. पदरानं एक बाटली पुसत होती, आणि या वेळी तोंड फिरवलेलं नव्हतं. अण्णांची बायको आणि दोघी मुली तिला धरून उभ्या होत्या. तिनं बाटली माझ्या हातात दिली. "मी मरीन म्हनून त्यानं गिळली नाय बाबा," ती म्हणाली. "आन् मी हाय जिती, आन् त्योच गेला. नदीवर त्याला सांग, मायनं शपथ सोडली म्हनावं. सुटली, सुटली. आता गीळ म्हनावं." ती रडत नव्हती. रडत मी होतो, आणि बाटली आडवी धरून गाडीकडं चाललो होतो.

घाटावर पिंड मांडला. अण्णांना मुलगा नव्हता, सगळं भाऊसाहेबानंच केलं. पलीकडच्या बाभळीवर चांगले आठ-दहा कावळे बसले होते. एकही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. "मुलींचं सगळं नीट करू," भाऊसाहेब हात जोडून म्हणाला. कावळे हलले नाहीत. "वहिनीला काय कमी पडू देनार नाय." नाही. "मायला सांभाळीन." एका कावळ्यानं आमच्याकडं पाठ फिरवली. ऊन चढत चाललं. कुणी म्हणालं, पिकदाणी विकणार नाही म्हणा. भाऊसाहेबानं तेही म्हटलं. अण्णांना काय हवं होतं हे घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ज्याला ते बोलायचं होतं त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. गुरुजींना पुढं दुसरीकडं जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

मी म्हटलं, थांबा. अण्णांचा पिळाचा स्क्रू शेवटच्या फेरीपासून माझ्या गाडीतच पडला होता. बूच काढलं, द्रोणात वाईन ओतली. गुरुजी दचकले. "नदीवर? पिंडापाशी?" मग वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा. म्हणाले, "द्राक्षासव आहे म्हणा. चालेल." मी द्रोण पिंडाशेजारी ठेवला आणि मायनं सांगितलेलं तसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. शपथ सुटली. आता गिळा, अण्णा. 

एक कावळा फांदीवरून घाटाच्या पायरीवर आला. तिथंच बसला. पुढं येईना. सगळे भाऊसाहेबाकडं बघायला लागले. तो खाली वाळूकडं बघत होता. मग एकदम, अण्णांशी आयुष्यभर भांडला त्याच आवाजात, तो ओरडला, "बरं बाबा! बाग मोडत नाय! मोसंबी गेली उडत! ये आता!"

कावळा आला. मला माहीत आहे, त्याला भूक लागली असेल, आम्ही सगळे मागं सरकलो होतो, भाऊसाहेब ओरडला म्हणून बाकीचे उडाले होते. मी दुकानदार माणूस, माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण तो आधी पिंडाकडं गेला नाही. द्रोणाकडं गेला. चोच बुडवली, मान वर केली, आणि आम्ही सगळे श्वास धरून बघत राहिलो. अण्णांच्या वेळी बघायचो तसेच. त्यानं मान झटकून थुंकली नाही. गिळली. पुन्हा चोच बुडवली. मग पिंडाला शिवला आणि उडाला. भाऊसाहेब तिथंच पायरीवर बसला आणि डोक्याचं उपरणं तोंडाला लावून रडला.

बाग आहे. रोपवाल्याला भाऊसाहेबानं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. परवाच्या गुरुवारी तो माझ्या गाडीत बसून पाचोडला आला, मांडीवर खोकं घेऊन, वाटेत झाड दिसलं की गाडी थांबवायला लावत. परमिट रूमवाल्यानं बाटली हातात घेतली, उलटसुलट केली आणि व्हायचं तेच झालं. "चढते का?"

मला वाटलं, आता हा काय सांगणार. भाऊसाहेबानं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, फळीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "कावळ्याला चढली व्हती. जाताना जरा डावीकडं कलला. म्या सोता बघितलंय."

त्या दिवशी घाटावर वारा होता, पण मी मान डोलावली.